भिंगाचें सोंवळें

आमच्या घरांत सोंवळें पाळणारीं माणसें दोनच होतीं. एक आमची आत्या आणि दुसरे आम्ही. आत्याचें सोंवळें देवघरापुरतें आणि स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यापुरतें असे. आमचें सोंवळें दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत असे, आणि त्याला घरांतील लहानथोर कोणीहि हात लावतां कामा नये, असा आमचा दंडक होता. त्या कपाटांत आमचा कॅमेरा आणि त्याचें २४ ते १०५ मिलिमीटरचें झूम भिंग नांदत होतें. आत्याच्या सोंवळ्याला रूढीचा तरी आधार होता. आमच्या सोंवळ्याला कशाचा आधार होता आणि त्यापायीं आम्हीं काय गमावलें, हें सांगण्यासाठींच प्रस्तुत लेख लिहावयास घेतला आहे.

ज्यांच्या घरीं असें भिंग नाहीं, त्यांच्यासाठीं त्याची थोडी ओळख करून दिली पाहिजे. साध्या भिंगाला दृष्टीचा एकच टप्पा असतो. दूरची वस्तु जवळ आणावयाची तर एक भिंग बदलावें लागतें किंवा पाय चालवावे लागतात. झूम भिंगांत पंधरा-वीस कांचा निरनिराळ्या गटांनीं बसविलेल्या असतात, आणि बाहेरचें कडें फिरवितांच हे गट परस्परांपासून ठराविक अंतरानें मागेंपुढें सरकतात. त्यामुळें एकाच जागीं उभें राहून देवळाचा कळसहि जवळ आणतां येतो आणि पायरीवर बसलेली फुलवालीहि तिच्या परडीसकट सबंध टिपतां येते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या साध्या कॅमेऱ्यासाठीं असें पहिलें भिंग १९५९ सालीं निघालें. त्याची रचना फ्रँक बॅक यांची. नांव ‘फोक्टलेंडर झूमार’. आणि टप्पा ३६ ते ८२ मिलिमीटरचा. त्या भिंगानें छायाचित्रकारांच्या पायांना विश्रांति दिली, आणि त्याचबरोबर त्यांच्या मनाला एक नवा घोर लावून दिला. तो घोर म्हणजे भिंगाच्या पोटांत शिरणारी धूळ.

आमचें भिंग आम्हीं २०१६ सालीं सेवानिवृत्तीच्या पैशांतून घेतलें. तेवढ्या रकमेंत काय काय झालें असतें, हें आमच्या कुटुंबानें आम्हांला एकदांच सांगितलें. परंतु तें एकदां सांगणें आम्हांला आजतागायत पुरलें आहे. अशा रीतीनें घरांत आलेल्या वस्तूची मनुष्य जरा अधिकच जपणूक करतो. दोन वर्षें आम्हीं त्या भिंगानें नातवंडांचे वाढदिवस, मंगळागौरी आणि पर्वतीवरून दिसणारें पुणें टिपलें. पुढें २०१८ सालीं आषाढी वारीच्या दिवसांत आम्ही पुरंदवड्याला रिंगण पाहावयास गेलों, आणि तेथून आमच्या या कथेला आरंभ झाला.

ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीचें पहिलें गोल रिंगण माळशिरस तालुक्यांत, सदाशिवनगरजवळ पुरंदवडे येथें होतें. मध्यभागीं पालखी, तिच्याभोंवतीं दिंड्यांचें कडें, आणि त्याबाहेर माणसांची दाट भिंत. पताकाधारी, डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया, विणेकरी, मृदंगी असे सारे धांवतात. आणि मग ज्यांची वाट पाहावयाची ते दोन अश्व सुटतात. एकावर ध्वज घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच नसतें. कारण तो माउलींचा. अश्व समोरून गेले रे गेले, कीं माणसें वांकून त्यांच्या टापांखालची माती उचलतात आणि कपाळाला लावतात. त्या वेळीं जी धूळ उठते, तिच्यांतून समोरचा मनुष्यहि पिंवळट पडद्यामागें उभा असल्यासारखा दिसतो. आम्हीं त्या धुळींत उभे राहून चारशें बारा छायाचित्रें घेतलीं. कधीं अश्व दूर, कधीं जवळ. त्यामुळें भिंगाची नळी सारखी आंतबाहेर होत होती. त्या दिवसासारखा आनंद आम्हांला पुष्कळ वर्षांत झाला नव्हता.

तो आनंद तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं संपला. आमचा पुतण्या पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. त्यानें सहज म्हणून भिंग हातांत घेतलें (हात धुवून, हें सांगणें नको), मागच्या बाजूनें मोबाईलचा दिवा त्यांत सोडला आणि पुढून पाहत म्हणाला, “काका, सारी वारी आंत येऊन उतरली आहे कीं!” आम्हीं चष्मा सारखा करून पाहिलें. पहिल्या दोन कांचांच्या पलीकडे, जेथें आपला हात, रुमाल किंवा फुंकर कांहींच पोंचूं शकत नाहीं अशा ठिकाणीं, चांदण्या पसराव्यात तसे कण चमकत होते. एक बारीक तंतूहि होता. त्या रात्रीं आम्हांला नीट झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं पुतण्याची उलटतपासणी घेतली. भिंग उत्तम प्रतीचें. त्याच्या सांध्यांना रबराच्या कडा आहेत असें विक्रेत्यानें छातीठोकपणें सांगितलेलें. मग धूळ शिरलीच कशी? पुतण्यानें उत्तरादाखल कोपऱ्यांतील बाजाच्या पेटीकडे बोट दाखविलें. “काका, पेटीचा भाता उघडला कीं काय होतें?” हवा आंत जाते, आम्हीं म्हणालों. “मिटला कीं?” बाहेर पडते. “तसेंच हें. नळी पुढें सरली कीं आंतली पोकळी वाढते. नळी सहा सेंटीमीटर रुंद धरली आणि ती तीन सेंटीमीटर पुढें सरली, तरी सुमारें ८५ घन सेंटीमीटर हवा आंत आलीच पाहिजे. म्हणजे लहान कपभर. ती आली नाहीं, तर आंत निर्वात होऊं लागेल आणि नळी तुमच्या हाताला दाद देणार नाहीं. तुम्हीं त्या दिवशीं चारशें वेळां भाता चालविलात. आणि भोंवतीं हवा कसली होती, तें तुम्हांला ठाऊकच आहे.”

रबराच्या कडा पावसाचा थेंब अडवितात, जाड माती अडवितात. हवेला मात्र त्या सर्वस्वीं अडवूं शकत नाहींत, आणि अडवूं नयेत अशीच योजना असते. ओढून-लोटून चालविण्याच्या जुन्या मोठ्या झूम भिंगांना छायाचित्रकार थट्टेनें ‘धूळपंप’ म्हणत, तें याच कारणानें. कांहीं भिंगांची नळी बाहेर येत नाहीं, सारी हालचाल पोटांतल्या पोटांत होते. त्यांत धूळ कमी जाते, परंतु मुळींच जात नाहीं असें नव्हे. किंबहुना नव्या कोऱ्या भिंगांतहि प्रखर दिवा सोडून पाहिलें, तर एखाद-दुसरा कण सांपडतोच. तात्पर्य, जें भिंग हालतें तें श्वास घेतें. आणि जें श्वास घेतें त्याच्या पोटांत जगांतली थोडी धूळ जाणारच.

हें ऐकून आत्या देवघरांतून म्हणाली, “अरे, धूळ आहे ती. दार उघडें ठेवलें कीं येणारच. संध्याकाळीं केर काढावा. दार कोणी भिंत घालून बुजवीत नाहीं.” आम्हांला तें बोलणें बायकी आणि अशास्त्रीय वाटलें, हें येथें कबूल केलेलें बरें.

पुतण्याचा मुद्दा आणखी पुढें होता. त्याच्या मतें धूळ आंत जाते ही गोष्ट खरी असली, तरी तिनें फारसें कांहीं बिघडत नाहीं. हें पटविण्यासाठीं त्यानें कागदाचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा भिंगाच्या पुढच्या कांचेवर पाण्यानें चिकटविला आणि समोरच्या तुळशीवृंदावनाचें चित्र घेतलें. चित्रांत कागद कोठेंच नव्हता. आम्हीं चित्र मोठें करून कोपरान् कोपरा पाहिला. पण तुळशीच्या मंजिऱ्या तेवढ्या दिसल्या. याचें कारण असें कीं, भिंग ज्या वस्तूवर रोखलेलें असतें तिच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश भिंगाच्या साऱ्या उघड्या अंगावर पसरून येतो आणि पलीकडे पुन्हां एका बिंदूंत मिळतो. वाटेंतील कण त्यांतील थोडासा प्रकाश अडवितो. परंतु त्या कणाचें स्वतःचें चित्र उमटत नाहीं, कारण तो भिंगाला इतका जवळ असतो कीं भिंग त्याला पाहूंच शकत नाहीं. आपल्याच पापणीचा केंस आपल्याला दिसूं नये, तसा हा प्रकार आहे.

अडलेला प्रकाश तरी किती? पुतण्यानें हिशेबहि करून दाखविला. १०० मिलिमीटरच्या टप्प्यावर, ४ या छिद्रांकाला, प्रकाशाचें दार २५ मिलिमीटर व्यासाचें असतें. कण एक दशांश मिलिमीटरचा धरला, तर दाराचा व्यास कणाच्या अडीचशें पट झाला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढतें. म्हणून तो कण ६२,५०० भागांपैकीं एकच भाग प्रकाश अडविणार. असे पन्नास कण असले, तरी प्रकाशाचा हजारावा भागसुद्धां अडत नाहीं.

मात्र सत्यासाठीं दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, आणि पुतण्यानें ती लपविली नाहीं. टप्पा २४ मिलिमीटरवर आणून छिद्र २२ अंकापर्यंत बारीक केलें, तर प्रकाशाचें दार जेमतेम एक मिलिमीटरचें उरतें. मग तोच कण शंभराव्या हिश्शाच्या आसपास प्रकाश अडवूं लागतो, आणि विशेषतः तो मागच्या कांचेवर असला, तर निरभ्र आकाशांत त्याची पुसट छाया येऊं शकते. सूर्य समोर असतां कणांवर प्रकाश विखुरतो, आणि चित्रावर धुक्यासारखी झांक येते. पाठीमागें झाडांतून चमकणारे प्रकाशाचे गोल असले, तर त्या गोलांत कणांचे ठिपके दिसतात. आणि ज्या काळ्या ठिपक्यांबद्दल लोक भिंगाला बोल लावतात, ते बहुधा भिंगांतले नसतातच. ते कॅमेऱ्याच्या आंत, प्रकाश टिपणाऱ्या संवेदकावर बसलेल्या धुळीचे असतात. संवेदक म्हणजे चित्र उमटण्याचीच जागा. म्हणून तेथील कणाची छाया ठळक पडते. त्यासाठीं २००३ सालच्या ऑलिंपस ई-१ या कॅमेऱ्यापासून संवेदकापुढची कांच अतिवेगानें थरथरवून धूळ झाडण्याची युक्ति निघाली आहे. भिंगाच्या पोटासाठीं अशी युक्ति नाहीं.

मग दिव्याच्या उजेडांत ते कण एवढे मोठे कां दिसावेत? याचें उत्तर आपल्या पूर्वजांना ठाऊक होतें. झरोक्यांतून कवडसा आला, म्हणजे त्यांत धूलिकण नाचतांना दिसतात. कवडसा सरकला, कीं तीच हवा स्वच्छ दिसते. वैशेषिकांनीं त्या कणाला त्रसरेणु असें नांव देऊन त्याच्या आंत सहा परमाणु मोजले. कण तेवढाच असतो. पण अंधारावर तिरपा प्रकाश टाकून पाहिलें, कीं डोळा त्याला पर्वत करतो. भिंगाच्या आरपार पाहिलें तर जग दिसतें. भिंगांत पाहिलें तर धूळ दिसते.

हें सारें आम्हांला समजलें. पण पटलें मात्र नाहीं. समजणें हें बुद्धीचें काम आहे आणि पटणें हें मनाचें. आणि आमच्या मनांत तो बारीक तंतु जाऊन बसला होता. दोन महिने आम्ही रोज रात्रीं दिवा लावून भिंगांत पाहत असूं आणि आज एक कण वाढला किंवा सरकला, अशी वार्ता कुटुंबाला देत असूं. अखेरीस कोणालाहि न विचारतां आम्हीं भिंग एका दुरुस्तीवाल्याच्या स्वाधीन केलें. तो मनुष्य प्रामाणिक होता. तो म्हणाला, “साहेब, चित्रांत कांहीं दिसत नसेल, तर उघडूं नका.” आम्हीं त्याला उघडावयास लाविलें.

तीन आठवड्यांनीं भिंग परत आलें. आंतून आरशासारखें लख्ख. परंतु चित्रें घेऊन पाहतों तों डावीकडची बाजू नेहमीं पुसट. झूम भिंगांतील कांचा मिलिमीटरच्या शतांशांच्या हिशेबानें एका अक्षावर आणून बसविलेल्या असतात. एखादी उघडून पुन्हां बसवितांना यत्किंचित् कलली, तर असें होतें. म्हणजे जी धूळ दिसत नव्हती ती गेली, आणि जें दिसत नव्हतें तें वैगुण्य दिसूं लागलें. पुन्हां तें दुसरीकडे दिलें, पुन्हां पैसे भरले, आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत तें बऱ्याच अंशीं पूर्वपदावर आलें.

त्यानंतर आमचें सोंवळें पराकोटीला गेलें. हवाबंद डबा आणला. त्यांत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेविल्या. या गोष्टी वाईट नव्हेत. पुण्या-मुंबईच्या आणि त्याहून कोंकणच्या पावसाळ्यांत भिंगाचा खरा शत्रु धूळ नसून बुरशी हाच आहे. चामड्याच्या बंद पिशवींत ओल धरून पडलेल्या भिंगावर बुरशीचीं जाळीं चढतात आणि त्यांतून निघणारें आम्ल कांचेवरील लेपाला कायमचे डाग पाडतें. धूळ उगीच बसून राहते. बुरशी वाढते आणि खाते. म्हणून डबा ठीक होता. परंतु आम्ही पुढें गेलों. वारा असला तर कॅमेरा बाहेर काढावयाचा नाहीं. रस्त्यावर काढावयाचा नाहीं. नळी पुढेंमागें करावयाची नाहीं. झूम भिंग घेऊन त्याला एकाच टप्प्यावर उभें करणारे आम्ही पहिलेच नसूं. परंतु शेवटचे असावे अशी इच्छा आहे.

त्या वर्षीं आत्या म्हणाली, “बाळ, मला एकदां रिंगण दाखव.” तिचें वय तेव्हां ८१ होतें. लहानपणीं ती आपल्या आजीबरोबर एकदां वारीला गेली होती. पुढें संसार, मग वैधव्य, मग आमच्या घरचीं आजारपणें आणि बाळंतपणें यांत तिचें जाणें राहून गेलें. आम्हीं गाडी केली. दिवेघाट चढतांना तिनें आपली पाण्याची निराळी बाटली शेजारच्या दिंडींतील एका तहानलेल्या म्हाताऱ्याला दिली आणि तो प्याल्यावर तीच बाटली तोंडाला लावली. आम्ही पाहतच राहिलों. साठ वर्षांचें सोंवळें तिनें घाटाच्या पायथ्याशीं सहज उतरवून ठेविलें होतें. आम्हीं आमचें मात्र बरोबर घेतलें होतें. कॅमेरा पिशवींत, पिशवी प्लॅस्टिकच्या दुसऱ्या पिशवींत, आणि ती आमच्या छातीशीं.

पुरंदवड्याला आम्हांला पुढें जागा मिळाली. वारा सुटला होता. आत्या आमचा दंड धरून उभी होती. अश्व सुटावयाच्या आधीं ती म्हणाली, “घोडा गेला कीं मी माती उचलीन. कपाळाला लावतांना माझा एक फोटो काढशील ना रे? मागच्या खेपेला साऱ्या जगाचे काढलेस.”

आम्हीं म्हणालों, “आत्या, इथें फार धूळ आहे ग. भिंग आतांच कुठें सुधारलें आहे. पुढच्या वर्षीं दुसरें आणूं आणि मग काढूं.”

“बरें,” ती म्हणाली. रागावली नाहीं.

खिशांत मोबाईल होता. त्यानें चित्र घेतां आलें असतें; परंतु छातीशीं एवढें मोठें भिंग असलेल्या मनुष्याला खिशांतला मोबाईल काढणें कमीपणाचें वाटतें, हेंहि सांगून टाकतों. अश्व गेले. आत्या वांकली, तिला वांकण्यास वेळ लागला, आणि एका अनोळखी बाईनें तिला सांवरलें. तिनें चिमूटभर माती उचलली, कपाळाला लाविली, उरलेली आमच्या कपाळाला लाविली, आणि बोटांवर जी थोडी राहिली ती आमच्या छातीवरच्या पिशवीला लावीत म्हणाली, “यालाहि असूं दे. पुढच्या वर्षीं नीट चालेल.”

आम्हीं ती माती लगेच रुमालानें पुसून टाकिली.

२०२० सालीं साथीमुळें पायीं वारी झाली नाहीं, पादुका एस. टी. च्या बसमधून पंढरपुरास नेण्यांत आल्या. आत्यानें तो सोहळा दूरदर्शनवर पाहिला आणि बस दृष्टीआड होईपर्यंत हात जोडून ठेविले. २०२१ सालींहि पादुका बसनेंच गेल्या; परंतु तें पाहावयास आत्या नव्हती. ती त्या वर्षीं फेब्रुवारींत गेली.

तेराव्याच्या आधीं भिंतीवर लावण्यासाठीं तिचें एखादें चित्र शोधावयास आम्ही बसलों. आमच्याजवळ तिचें एक चित्र होतें. तें आम्हीं घरांतल्या गॅलरींत, वारा नसतां, भिंग नुकतेंच स्वच्छ होऊन आलें असतां घेतलेलें होतें. त्यांत तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती मोजतां येते. परंतु ती त्यांत भिंगाकडे पाहत आहे. आणि ज्या चेहऱ्यानें तिनें ती माती कपाळाला लाविली, तो चेहरा त्यांत नाहीं. तो कोठेंच नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं २०१८ च्या रिंगणाचीं सारीं चित्रें पुन्हां उघडलीं. ज्या धुळीसाठीं आम्हीं एवढें केलें, ती चित्रांत कोठें आहे हें आम्हांला पाहावयाचें होतें. पुतण्या शेजारीं होता. चारशें बारा चित्रांपैकीं तीन चित्रांत ठिपके सांपडले. त्यांतील दोन उतरत्या उन्हाकडे तोंड करून घेतलेलीं होतीं. त्यांतल्या प्रकाशगोलांत बारीक डाग होते. तिसऱ्यांतला डाग संवेदकावरचा निघाला. बाकीच्या चारशें नऊ चित्रांत भिंगाच्या आंतली धूळ नव्हती. भिंगाच्या बाहेरची होती, आणि ती फार सुंदर होती. अश्वाच्या टापांभोंवतीं ती सोन्यासारखी उठलेली होती.

पुतण्या आमचें मन जाणून दुसरेंच कांहीं बोलूं लागला. त्यानें चंद्रावरची गोष्ट सांगितली. १९६७ च्या एप्रिलमध्यें अमेरिकेचें ‘सर्व्हेअर ३’ हें यान चंद्रावर उतरलें. त्याच्या कॅमेऱ्याला २५ ते १०० मिलिमीटरचें झूम भिंग होतें आणि त्यापुढें फिरता आरसा होता. चंद्रावर हवा नाहीं. तेव्हां भात्यासारखें धूळ ओढून घेण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु उतरतांना यानाचीं लहान एंजिनें वेळेवर बंद झालीं नाहींत. यान दोनदां उसळलें, आणि आरसा मळून पुष्कळ चित्रांवर झांक आली. तरी त्या मळलेल्या डोळ्यानें सहा हजारांहून अधिक चित्रें पृथ्वीवर पाठविलीं. १९६९ च्या नोव्हेंबरांत अपोलो १२ चे कॉनराड आणि बीन त्या यानापाशीं चालत गेले आणि तो कॅमेरा काढून परत घेऊन आले. “काका,” पुतण्या म्हणाला, “धूळ बसेल म्हणून त्यांनीं आरसा झांकून ठेवला असता, तर तो स्वच्छच राहिला असता.” तो बिचारा आमचें समाधान करीत होता, पण त्याचें वाक्य आम्हांला जेथें लागावयाचें तेथें लागलें.

वाचकांनीं असा ग्रह करून घेऊं नये कीं, आतां आम्ही भिंगाची हेळसांड करतों. धुळींत भिंग बदलीत नाहीं. घरीं आलों कीं आधीं रबरी फुग्यानें बाहेरची धूळ उडवितों आणि मगच कांच पुसतों, कारण मातीचा कण रुमालाखालीं सांपडला तर तो कांचेवर ओरखडा काढतो. तोंडानें फुंकर मारीत नाहीं, कारण तिच्याबरोबर ओल जाते. डब्यांतील पुड्या वेळच्या वेळीं बदलतों. आंत बुरशीचें जाळें दिसलें, तर दुरुस्तीवाल्याकडे अवश्य जाऊं. परंतु मागून दिवा सोडून पोटांत पाहण्याचा उद्योग आम्हीं सोडून दिला आहे. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या मनुष्याला तो उद्योग इतरत्रहि सोडून देतां येण्यासारखा आहे, असें अलीकडे आमच्या ध्यानांत येऊं लागलें आहे. पण तो विषय निराळा आहे.

२०२२ सालीं पायीं वारी पुन्हां सुरू झाली. आम्ही पुतण्याला घेऊन पुरंदवड्याला गेलों, त्याच बाजूला उभे राहिलों, आणि कॅमेरा उघडा गळ्यांत घातला. अश्व येतांना भिंग पूर्ण मागें, जातांना पूर्ण पुढें. मन मानेल तसें फिरविलें. अश्व गेल्यावर शेजारची एक म्हातारी वांकली. आत्याहून ठेंगणी, सांवळी, हिरव्या लुगड्यांतली. माती कपाळाला लावून तिनें वर पाहिलें, तों आमचा कॅमेरा तिच्याकडेच होता. ती म्हणाली, “बाबा, माझा फोटू काढ की रं.” आम्हीं म्हणालों, “आजी, काढला.” पुतण्यानें तें चित्र तिथल्या तिथें तिच्या मुलाच्या मोबाईलवर पाठवून दिलें. मुलानें तें तिला दाखविलें, आणि ती लाजून हंसली.

घरीं आल्यावर पुतण्यानें भिंग हातांत घेतलें आणि संवयीनें मोबाईलचा दिवा लाविला. नंतर आमच्याकडे पाहून त्यानें तो बंद केला. आंत धूळ गेली असणारच. कपभर हवा किती वेळां आंतबाहेर झाली याचा हिशेब आम्हीं ठेविला नव्हता. आम्हीं बाहेरची धूळ फुग्यानें उडविली, कांच पुसली, पिशवी झटकली, आणि भिंग कपाटांत ठेविलें.

त्या कपाटाला आतां कुलूप नसतें. परवां नात त्यांतून कॅमेरा काढून तुळशीजवळच्या मांजराचीं चित्रें घेत होती. तिचे हात धुतलेले होते कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं.